वजीर देऊन मात केली तर ब्रिलियंट, भाच्याने तेच केलं तर घोडचूक. असं का?

पाचोरा_मेडिकल

नमस्कार मंडळी. पाचोऱ्याला माझं औषधाचं दुकान आहे. दुपारी जेवणानंतर गिऱ्हाईक तुरळक असतं, तेव्हा काउंटरवर बसून चेस डॉट कॉमवर दहा मिनिटांचे डाव खेळतो. रेटिंग हजाराच्या आतबाहेर फिरतं, त्यामुळे फार वरच्या पातळीचं उत्तर दिलंत तर डोक्यावरून जाईल.

परवाचा डाव बघा. पांढरी मोहरी माझी. घो म्हणजे घोडा, उं म्हणजे उंट, व म्हणजे वजीर, फुलीचं चिन्ह म्हणजे मारलं. नुसतं घर लिहिलंय ती प्याद्याची चाल. प्रत्येक ओळीत आधी पांढऱ्याची चाल, मग काळ्याची.

१. ई४ ई५
२. घो-एफ३ डी६
३. उं-सी४ घो-सी६
४. घो-सी३ उं-जी४
५. एच३ उं-एच५
६. घो×ई५ उं×डी१
७. उं×एफ७ शह, राजा ई७
८. घो-डी५ मात

सहाव्या चालीला मी घोडा उचलला आणि मागचा वजीर उघडा पडला. समोरच्याने लगेच मारला, दोन सेकंदसुद्धा घेतले नाहीत. पुढच्या दोन चालींत मात. चॅटमध्ये 'चीटर' एवढंच लिहून गडी निघून गेला. साइटने सहाव्या चालीला दोन उद्गारचिन्हं दिली, ब्रिलियंट. मी अर्थातच स्क्रीनशॉट घरच्या ग्रुपवर टाकला.

खरी गंमत पुढे. धरणगावला भाचा आहे, आठवीत. त्याला डाव दाखवला. रात्री त्याचा फोन, "मामा, तुमचीच चाल खेळलो, माझा घोडा फुकट गेला. मला लाल रंगात दोन प्रश्नचिन्हं आली." त्याचा डाव असा:

१. ई४ ई५
२. घो-एफ३ डी६
३. उं-सी४ घो-सी६
४. घो-सी३ उं-जी४
५. घो×ई५ घो×ई५

काळ्याने वजिराकडे ढुंकूनही पाहिलं नाही. भाचा पुढे हरला.

आता मला सांगा, चाल तीच, घर तेच, वजीर तसाच उघडा. मला शाबासकी आणि त्याला शिक्षा, हे कसं? माझा समोरचा गडी कच्चा होता म्हणून मी वाचलो, की यात काही नियम आहे? साइटचं इंजिन, म्हणजे चाली तपासणारा प्रोग्राम, नुसते आकडे दाखवतं, कारण सांगत नाही. ताई म्हणते पोराला भलत्या नादाला लावलंस, त्यामुळे निदान कारण तरी नीट सांगता आलं पाहिजे.

साकरी_फाटा

भाऊ, फुकटना वजीर दिसना का माणूस आंधया व्हस. तुमना समोरना गडी आंधया व्हयना, भाचाना समोरना गडी हुशार शे. बस, एवढंच शे. येन्हामा इंजिनले काय इचारनं?

भुसावळ_लोको

साकरीभाऊ, अर्धं बरोबर. दुसरा गडी हुशार होता हे खरं, पण पहिल्या डावात तितकाच हुशार गडी समोर असता तरी मेडिकलवाल्यांचं काही बिघडलं नसतं. भाच्याचं बिघडलं असतंच. खरा फरक पटावर आहे.

मी रेल्वेतून निवृत्त झालोय. संध्याकाळी ओसरीवर कॉलनीतली पोरं बुद्धिबळ शिकायला येतात. हा डाव त्यांना मी हमखास दाखवतो. बहुतेक पोरांचं लक्ष मातेवर असतं. मात पाठ होते आणि पुढच्या आठवड्यात कुठल्याही डावात वजीर देऊन मोकळी होतात. तुमच्या भाच्याने वेगळं काही केलेलं नाही.

आधी इंजिन बंद करा आणि खरा पट मांडा. तुमच्या सहाव्या चालीपर्यंत या आणि उठून काळ्याच्या बाजूला जाऊन बसा. आता काळ्याला मारण्यासारखं काय काय आहे ते बघा. उंटाने वजीर मारता येतो. डी६ च्या प्याद्याने ई५ चा घोडा मारता येतो. सी६ च्या घोड्यानेही तोच घोडा मारता येतो. वजिराचा बळी खरा की खोटा हे या तिन्ही वाटा चालून पाहिल्याशिवाय कळत नाही. तुम्ही फक्त पहिली वाट चाललात, आणि समोरचाही त्याच वाटेने आला.

पहिली वाट म्हणजे वजीर मारला. उंट एफ७ वर शह देतो. त्या उंटाला ई५ च्या घोड्याचा जोर आहे, म्हणून राजाला तो मारता येत नाही. डी७ वर त्याच घोड्याचा डोळा आहे. राहिलं एकच घर, ई७. मग घोडा डी५ ला येतो आणि संपलं. मात झाल्यावर काळ्याची मोहरी बघा. डी८ वर त्याचा स्वतःचा वजीर, एफ८ वर स्वतःचा उंट, डी६ वर स्वतःचं प्यादं. राजाच्या पळायच्या निम्म्या वाटा त्याच्याच माणसांनी अडवलेल्या. उरलेल्या तुमच्या दोन घोड्यांनी आणि एका उंटाने धरल्या. डी१ वर तुमचा वजीर मारून उभा असलेला काळा उंट या सगळ्यात कुठेच नाही.

दुसरी वाट, प्याद्याने घोडा मारला. तुम्ही वजिराने एच५ चा उंट मारता. तुमचा एक घोडा गेला, त्याचा एक उंट गेला, आणि ई५ चं प्यादं तुम्ही आधीच खाल्लंय. एक प्यादं वर. शिवाय एफ७ वर मातेची धमकी उभी, म्हणजे पुढची चाल त्याला बचावात घालवावी लागणार.

तिसरी वाट खरी. घोड्याने घोडा मारला. आता ई५ वर काळा घोडा आहे आणि त्याचा डोळा तुमच्या सी४ च्या उंटावर आहे. तुम्ही वजिराने एच५ चा उंट मारता, तो सी४ चा उंट मारतो. वरवर पाहता तुमचं एक मोहरं कमी. इथे पोरं मान खाली घालतात. मी म्हणतो, थांबा, वजीर हलवा, व-बी५ शह!

ही चाल जमते कशी ते बोट ठेवून बघा. वजीर एच५ वरून पाचव्या रांगेने सरळ बी५ पर्यंत जातो. मध्ये ई५ ला काळा घोडा होता, पण तो आत्ताच उंट मारायला सी४ ला गेला, रांग मोकळी. आणि बी५ वरून राजापर्यंतची तिरकी रेघ? तिच्यावर सी६ ला आधी तोच घोडा उभा होता. म्हणजे एकाच घोड्याने उड्या मारत आधी रेघ उघडली आणि मग रांग. शह वाचवल्यावर तुम्ही वजिराने सी४ चा घोडा उचलता. हिशेब करा, तुमचे एक घोडा आणि एक उंट गेले, त्याचे एक उंट आणि एक घोडा गेले, प्यादं तुमच्याकडे जास्त. त्याने सी४ चा उंट मारलाच नाही आणि घो-एफ६ करून वजिराला हटकलं, तर वजीर ई२ ला मागे घ्या. सी४ ला जोर मिळतो, प्यादं तुमचंच.

थोडक्यात, तुमच्या डावात काळ्याने काहीही मारलं तरी तुमचा तोटा नाही. सगळ्यात चांगलं खेळला तर एक प्यादं घालवतो, सगळ्यात वाईट खेळला तर मात.

आता भाच्याचा पट. सगळं तेच, फक्त काळा उंट एच५ ऐवजी जी४ वर. काळ्याने घोड्याने घोडा मारला. आता ई५ च्या घोड्याची आठ घरं मोजा: डी७, एफ७, सी६, जी६, सी४, जी४, डी३, एफ३. जी४ आहे, एच५ नाही. एवढंच आहे सगळं. तुमच्या डावात उंट बिनजोर होता म्हणून वजिराने मारता आला. भाच्याच्या डावात त्याच उंटाला घोड्याचा जोर. वजिराने मारला तर घोडा वजीर मारणार. नाही मारला तर वजीर उंटाच्या तोंडात आहेच, आणि सी४ चा उंटही घोड्याच्या तोंडात. एफ३ करून उंटाला ढकलावं तर तो घोडा सी४ चा उंट मारून घेतो, तुम्ही जी४ चा मारता, हिशेब केला तर एका प्याद्याच्या बदल्यात एक अख्खं मोहरं गेलेलं. वजीर वाचतो, डाव वाचत नाही.

तुमची पाचवी चाल एच३ होती ना? उंटाला हटकायची ती साधी चाल. ती खेळून तुम्ही उंटाला जोर असलेल्या घरावरून उठवून बिनजोर घरावर नेऊन बसवलं. सहाव्या चालीचं कौतुक साइटने केलं. मी असतो तर पाचवीचं केलं असतं. आणि काळ्याची चूक वजीर मारणं ही नव्हे, ती नंतरची. पहिली चूक उं-एच५.

उद्गारचिन्हांचं म्हणाल तर ती साइट मोहरं देऊन चांगली ठरलेल्या चालीला ब्रिलियंट म्हणते, आणि कमी रेटिंगच्या खेळाडूंना हे बिरूद जरा सढळ हाताने देते. लीचेस या दुसऱ्या साइटवर तोच डाव टाका. तिथलं विश्लेषण फक्त चुका दाखवतं, कौतुक करत नाही. मला तीच बरी वाटते, पण पोरांना ती निळी चिन्हंच हवी असतात.

हा सापळा जुना आहे. अठराव्या शतकात पॅरिसमध्ये लेगाल नावाचा खेळाडू होता, त्या काळचा नामांकित खेळाडू फिलिदोर याचा गुरू. त्याच्या नावाने ही मात ओळखली जाते. आणि मौज अशी की त्याच्या नावावर जो डाव सांगितला जातो, त्याच्या एका प्रचलित रूपात काळ्याचा उंट जी४ वर आणि घोडा सी६ वरच आहे. म्हणजे भाच्याची चाल. समोरच्याने वजीर मारला म्हणून लेगाल अमर झाला. तेव्हा पोराला फार बोलू नका.

साकरी_फाटा

लोकोभाऊ, बठ्ठं समजनं. पण मी बी तेच सांगेल व्हतं ना, वजीर मारू नही!

अमळनेर_पूर्व

काकांनी तिन्ही वाटा दाखवल्या, त्यात माझी थोडी भर. मी जिल्हा निवड स्पर्धा खेळलेय आणि या सापळ्यात दोन्ही बाजूंनी बसलेय.

एच३ नंतर उंटाने एच५ ला जायलाच हवं असं नाही. सरळ उं×एफ३ केलं तर? तुम्ही व×एफ३ करता. तुमच्याकडे दोन उंट, वजीर एफ३ वरून आणि उंट सी४ वरून एफ७ कडे बघतायत. इथेही कच्चा खेळाडू फसतो. वजिराला हटकायच्या मोहात घो-डी४ करतो आणि व×एफ७ मात. घो-एफ६ केलं तर मात्र काळा नीट उभा राहतो. तुमचा डाव किंचित बरा, बाकी खेळ चालू. म्हणून एच३ खेळताना 'आता वजीर देणार' असं ठरवून खेळू नका. समोरचा काय करतो ते बघून ठरवा.

दुसरं, भाच्याला नक्की सांगा की जी८ चा काळा घोडा कुठे आहे हे आधी बघ. तो एफ६ वर आलेला असेल तर हे सगळं विसरायचं. वजीर मारल्यावर तुम्ही घो-डी५ शह दिलात तर तो एफ६ चा घोडा डी५ चा घोडा मारतो, मात नाही. आणि वजीर न मारता ई५ चा घोडा मारला तर एच५ च्या उंटालाही त्याच एफ६ च्या घोड्याचा जोर. दोन्हीकडून दार बंद. तसंच एफ८ चा उंट ई७ ला आलेला असेल तर राजा एफ८ ला सटकतो. माझ्या एका डावात समोरच्या मुलीचा उंट ई७ वर होता, आणि ती शांतपणे राजा एफ८ ला घेऊन पाणी प्यायला उठली. मला अजून ती बाटली आठवते.

पाचोरा_मेडिकल

लोकोकाका, अमळनेरताई, दोघांचे मनापासून आभार. पट मांडून बसलो. व-बी५ वाली चाल दोनदा मागे-पुढे केली तेव्हा पटली. घोडा स्वतःच वाट उघडून देतो हे आधी लक्षातच आलं नव्हतं.

एक शंका. मग हा वजिराचा बळी म्हणायचा का? द्यायचा आणि दोन चालींत मात करायची किंवा लगेच परत मिळवायचा, यात दिलं काय? भाचा आता विचारतोय की खरा बळी कसा असतो.

भुसावळ_लोको

भाचा पुढे जाणार. हा प्रश्न मोठ्या माणसांनी विचारलाय. रुडॉल्फ श्पीलमान हा ऑस्ट्रियाचा खेळाडू बळींचे दोन प्रकार मानायचा, दिखाऊ आणि खरा. दिखाऊ बळीत काही चालींत मात किंवा दिलेलं परत मिळतं आणि ते आधीच मोजता येतं. उंदराच्या पिंजऱ्यात खोबरं लावल्यासारखं, खोबरं आपलंच राहतं. लेगालचा सापळा त्याच जातीचा. खऱ्या बळीत हिशेब संपत नाही. दिलेलं कधी परत मिळेल, मिळेल की नाही, हे देणाऱ्यालाही नक्की माहीत नसतं.

पोराला नेझमेतदिनोव्हचा डाव दाखवा. कझानचा रशीद नेझमेतदिनोव्ह, रोस्तोवला १९६२ साली चेर्निकोव्हविरुद्ध. बाराव्या चालीला वजिराने एफ६ चा उंट मारला आणि वजीर घालवला. बदल्यात मिळालं काय? एक उंट, एक घोडा. समोर मात नाही, वजीर परत मिळण्याची काही सोय नाही. फक्त काळ्याच्या राजाभोवतीची काळी घरं कायमची उघडी पडली, आणि पांढऱ्याची मोहरी तिथे हळूहळू येत गेली. डाव जिंकला. इंजिनाचा आकडा त्या क्षणी फार उत्साह दाखवत नाही, पण पटावर बसणारा माणूस घाबरतो.

याच्या मधली जात हवी असेल तर पुढे जगज्जेता झालेल्या बॉबी फिशरचा डाव. न्यूयॉर्क, १९५६, डोनाल्ड बर्नविरुद्ध. फिशर तेव्हा १३ वर्षांचा, म्हणजे तुमच्या भाच्याच्या वयाचा. सतराव्या चालीला उं-ई६ करून त्याने वजीर सोडून दिला. पुढे उघड्या शहांची (मधलं मोहरं हललं की मागच्याचा बसतो तो शह) माळ लागली आणि वजिराच्या बदल्यात एक हत्ती, दोन उंट आणि एक प्यादं गोळा झालं. तिथेही आकडेमोड होती, पण बरीच लांब. हे दोन डाव बघायला एक-एक रविवार लागेल. घाई करू नका.

दोंडाईचा_आजोबा_स्कूल

एक विषयाबाहेरचं. आमचे आजोबा देशी पद्धतीने खेळायचे. प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर, आणि राजाला डावात एकदा घोड्यासारखी अडीच घरांची उडी. मी त्यांना हीच मात दाखवली होती, तर म्हणाले, "राजा उडी मारून गेला असता, मात कसली!" तुमच्या डावात ती उडी चालली असती का?

भुसावळ_लोको

आमच्याकडेही तसंच खेळायचे. पण उडी शह बसायच्या आधीच मारायची, एकदा शह बसला की ती गेली, असा नियम मी ऐकत आलोय. इथे एफ७ वर उंटाने शह दिला तेव्हाच उडी गेली, म्हणून मात ही मातच. अर्थात गावागणिक नियम वेगळे, आजोबांशी मी वाद घालणार नाही. बाय द वे, अविभाजित भारतातला खेळाडू मीर सुलतान खान असाच देशी पद्धतीत वाढलेला. पाश्चात्त्य नियम मागाहून शिकला आणि ब्रिटिश अजिंक्यपद १९२९, १९३२ आणि १९३३ असं तीनदा जिंकला. फिडेने, म्हणजे जागतिक बुद्धिबळ संघटनेने, त्याला मानद ग्रँडमास्टर केलं ते २०२४ साली, मरणोत्तर.

पाचोरा_मेडिकल

भाच्याचा नवा प्रश्न, जसाच्या तसा लिहितो. "मामा, उंट जी४ वरच आहे, पण काळ्याचा सी६ चा घोडा अजून घरीच आहे, तर घो×ई५ चालेल का?"

अमळनेर_पूर्व

वा! चालेल, आणि पुस्तकांत बहुतेक असाच छापलेला असतो. १. ई४ ई५ २. घो-एफ३ डी६ ३. उं-सी४ उं-जी४ ४. घो-सी३ जी६ ५. घो×ई५. सी६ वर घोडा नाही, म्हणजे ई५ ला येऊन जी४ ला जोर देणारं कुणी नाही. वजीर मारला तर उं×एफ७ शह, राजा ई७, घो-डी५ मात. प्याद्याने घोडा मारला तर व×जी४, प्यादं वर. उंट ई६ ला परत आणला तर उं×ई६, एफ×ई६, आणि घोडा एफ३ ला मागे, तरीही प्यादं वर. एच३ ची गरजच नाही. फक्त जी६ च्या जागी काळा घो-एफ६ खेळला असेल तर हात मागे घे म्हणावं, तिथे जी४ लाही जोर आहे आणि डी५ लाही.

आणि त्याला सांगा, पुढच्या वेळी हरलेला डावही इथे टाक. रेटिंग विचारणार नाही.